नॉर्मनचे अडीचशे पौंड

सोमवार, ३ मार्च

नॉर्मनची फी कमी झाली. आठवड्याला अडीचशे पौंड!

त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, होमला जाताना गाडीतच सांगितलं, सिग्नलला थांबलो होतो तेव्हा. बाईच्या चेहऱ्यावरून आनंद नुसता सांडत होता. "अगं मेव्हिस, सरकारी आरोग्यसेवेच्या त्या नर्सबाईने मंजूर केलं. नर्सिंगचा वाटा आता सरकार भरणार, थेट केअर होमला. आणि तेवढे आमच्या बिलातून वजा! बँकेत किती आहेत, घर कुणाच्या नावावर आहे, काही म्हणजे काही विचारत नाहीत. लखपती असलीस तरी देतात म्हणे."

मी म्हटलं, "वा, छान झालं गं." आणि सीटबेल्ट उगाच ओढत बसले.

नॉर्मन! स्वतःच्या पायांनी चालत जेवणघरात येतो तो. राइस पुडिंग दोनदा मागून घेतो. आणि माझा क्लिफ? झटका आल्यापासून उजवी बाजू गेली, डोकंही गेलं, कूस बदलायला दोन मुली लागतात. त्याला काय? काही नाही. जानेवारीत तीच नर्सबाई एकाच सकाळी दोघांना बघून गेली. नॉर्मनला हो, क्लिफला नाही.

कारण काय तर नॉर्मनला इन्सुलिन टोचावं लागतं आणि पायाच्या जखमेची पट्टी बदलावी लागते, शिकलेल्या नर्सशिवाय ते होत नाही. क्लिफचं म्हणे साध्या देखभालीच्या मुलींवर भागतं.

जळते मी. लिहिते इथे, कोणाला दाखवायचंय?

गुरुवार, ६ मार्च

आज ग्लेनिसची वाट न बघता ट्रामने गेले. मिसेस थ्रेलफॉलना गाठायचं होतं. होमच्या व्यवस्थापक त्या. त्यांनी दार लावून घेतलं म्हणजे बातमी चांगली नसणार हे मी आता ओळखते.

"मिसेस रॉथवेल, ह्या वेगाने क्लिफच्या नावावरची पुंजी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जाईल." मी राहते ते घर मोजत नाहीत, तेवढी कृपा. पुंजी ठरलेल्या मर्यादेखाली गेली की कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, भरणार. पण कौन्सिल भरणार ते तिच्या दराने. इथला दर त्याहून कितीतरी चढा. मधलं खिंडार मी भरायचं, नाहीतर कौन्सिलच्या दरात बसेल अशा होममध्ये क्लिफला न्यायचं. कुठे? जागा असेल तिथे.

"आणि अशा माणसांना हलवलं की..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. घरून इथे आणला तेव्हा बघितलंय मी. कपाटाच्या दाराकडे बोट दाखवून संडास म्हणायचा, मला नर्स समजून हाक मारायचा. रुळायला वर्ष गेलं त्याचं. पुन्हा ते नको.

मला एवढंच हवंय की क्लिफ शेवटपर्यंत इथेच राहावा. आठवड्याला अडीचशे कमी झाले असते तर पुंजी किती लांबली असती! ते अडीचशे नॉर्मनच्या पुडिंगात गेले.

शुक्रवार, ७ मार्च

खरं काय ते लिहून टाकते.

जानेवारीत नर्सबाई येणार कळलं तेव्हा मी सकाळीच जाऊन बसले. क्लिफची दाढी करवून घेतली. बोलिंग क्लबचा ब्लेझर, टाय, केसांना क्रीम. मुलींना चादर बदलायला लावली, खिडकी उघडून खोलीतला वास घालवला. आमच्याकडे असंच. लहानपणी डॉक्टर यायचे म्हटलं की आई आधी दाराची पायरी घासायची आणि मग पोराचा ताप बघायची.

नर्सबाईने विचारलं, "रात्री काही त्रास?" मी म्हटलं, "छे हो, गुणी आहे अगदी. तक्रार करण्यासारखं काही नाही." जेवतो का? "सगळं." चिडतो का? "क्लिफ? कधीच नाही." आणि क्लिफनेही तेच केलं. जरा सरसावून बसला आणि म्हणाला, "नमस्कार. प्रवासात त्रास नाही ना झाला?" नाताळापासून एवढे शब्द त्याने एका दमात जोडले नव्हते. बाई विरघळलीच. आणि मी? मला इतका अभिमान वाटला!

पलीकडच्या खोलीत ग्लेनिस भडाभडा बोलत होती, भिंतीतून ऐकू येत होतं. पायाच्या जखमेतला पू, रात्रीचं ओरडणं, साखर उतरली की कसा बेशुद्ध पडतो, सगळं. नॉर्मनच्या देखत! मी मनात म्हटलं होतं, हिला लाज कशी नाही.

लाज नाही तिला अडीचशे मिळाले. मला लाज आहे.

बुधवार, १२ मार्च

परत येताना ग्लेनिसने रोपवाटिकेच्या कॅफेत नेलं. "आज माझ्याकडून." नवा कोट घातला होता, गडद लाल. शोभतो तिला, तेच तर दुखतं. स्कोनच्या गोड पावावर तिने माझ्यासाठी जास्तीचं क्रीम मागवलं. मी ते बशीच्या कडेला सारलं.

"तूही पुन्हा तपासणी मागून बघ ना," म्हणाली. म्हणजे दया! माझ्यावर दया करायला लागली ही. बत्तीस वर्षं एका गल्लीत राहतो आम्ही. आजवर तिची चूल बंद पडली की ती माझ्याकडे यायची.

गुरुवार, २० मार्च

मागितली तपासणी. मिसेस थ्रेलफॉल म्हणाल्या की प्रकृती बिघडली असेल तर कोणीही मागू शकतं, आणि क्लिफची बिघडलीच आहे.

गाडीत ग्लेनिसने शिकवणी घेतली. "चांगला दिवस सांगू नकोस. सगळ्यात वाईट दिवस सांग. आणि 'तसं बरं आहे' हे तीन शब्द तोंडातून काढलेस तर मी तुला चालत घरी पाठवीन." हसले मी. हसावंच लागलं.

घरी किटलीसमोर उभी राहून सराव करते. किटलीलाही सांगता येत नाही.

रविवार, ३० मार्च

मदर्स डे. आम्हाला मूल नाही, पण होममध्ये प्रत्येक पुरुषाच्या हातात एक डॅफोडिल देतात, बायकोला द्यायला. मी शेजारी बसले होते, चांगला ब्लाउज घालून. क्लिफने फूल घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि डाव्या हाताने पुढे केलं. टेबलापलीकडे. नॉर्मनला!

नॉर्मनने घेतलंही, आणि कोटाच्या काजात खोचलं. "आभारी आहे, दोस्ता." सगळे हसले. ग्लेनिस सगळ्यात मोठ्याने.

दोघं त्या एकाच टेबलावर बसतात, आल्या दिवसापासून. बोलत नाहीत फारसे. नॉर्मन क्लिफचा रुमाल त्याच्या गळ्याशी नीट खोचून देतो आणि क्लिफ हसतो. मी खोचला की मान झटकतो. म्हणजे तिला पैसेही मिळाले, आणि तिच्या नवऱ्याला माझ्या नवऱ्याचं हसूही मिळालं. पुरे झालं म्हणायचं आता.

मंगळवार, ८ एप्रिल

झाली तपासणी.

या वेळी दाढी करू दिली नाही. मुली कपडे बदलायला आल्या, म्हटलं, राहू द्या. पायजम्याच्या शर्टावर अंड्याचा डाग होता, तसाच. त्याला तसा बघून मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं.

तीच नर्सबाई. मी हीटरकडे बघत बोलले. टाचेला जखम झालीय आणि भरत नाही. चहासुद्धा घट्ट करून द्यावा लागतो, नाहीतर ठसका लागून निळा पडतो. रात्री मुलींना चोर समजून मारतो, एकीचा चष्मा फोडला. अंथरुणात होतं, आणि कधी कधी हाताने भिंतीला लावतो. हे शेवटचं सांगताना माझा आवाज माझा राहिला नव्हता. क्लिफ तिथेच होता. समोर.

मी थांबले. मग क्लिफ म्हणाला, अगदी स्पष्ट, "बरोबर सांगतेय ती. फार त्रास होतो माझा." आणि थोड्या वेळाने माझ्याकडे वळून, "यांना चहा विचारलास का?"

नर्सबाईने माझ्या दंडावर हात ठेवला. "हे जानेवारीत का नाही सांगितलंत, मिसेस रॉथवेल?"

मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही पाहुण्या होतात."

घरी आले आणि भांडी घासत रडले. ग्लेनिसला हे जमलं तेव्हा तिलाही असंच झालं असेल का, असं एकदा मनात आलं. नसेल झालं. तिला सगळं सोपं जातं.

गुरुवार, २४ एप्रिल

मंजूर!! नॉर्मनइतकेच. एक पेनी कमी नाही.

गाडीत बसल्या बसल्या सांगितलं. ग्लेनिसने स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवल्या, मागचा व्हॅनवाला भोंगा वाजवत सुटला. "बघ! म्हटलं नव्हतं?" म्हणाली. खूश झाली खरोखर. मला मात्र ती थोडी हिरमुसली असती तर जास्त बरं वाटलं असतं. असं मन माझं.

येताना क्लिफसाठी नव्या चपला घेतल्या, लोकरीचं अस्तर असलेल्या. पुंजी आता पुढच्या उन्हाळ्याच्या पलीकडे जाईल.

शुक्रवार, २ मे

बिल आलं. फी तेवढीच.

वाटलं चूक आहे. पुन्हा वाचलं. मग ट्रामने तडक गेले, कोटाची बटणंही वरखाली लागली होती.

मिसेस थ्रेलफॉल म्हणाल्या, "तो पैसा तुमच्या हातात यायचा नसतो, मिसेस रॉथवेल. नर्सिंगसाठी होमला येतो."

"मग आजवर त्याचं नर्सिंग कोणाच्या पैशात होत होतं?"

"फीमध्ये सगळं धरलेलंच होतं..."

"म्हणजे मी भरत होते. आता सरकारही भरणार. एकाच पट्टीचे दोनदा पैसे?"

त्यांनी पेन उघडलं, मिटलं. वाईट नाहीत त्या, मान लाल झाली होती. "तुमच्या करारात फी फक्त राहण्या-जेवण्याची आणि देखभालीची आहे. सरकारी वाटा आला तर तो त्यावर वेगळा. होम कंपनीने घेतलं तेव्हापासून सगळे करार असेच आहेत. नॉर्मन आला तेव्हा जुने मालक होते, ते नवरा-बायको. त्यांच्या करारात वजा करायची अट होती."

नॉर्मन क्लिफच्या दीड महिना आधी आला. फक्त दीड महिना! आणि तो दीड महिना का गेला? त्या वर्षीचा नाताळ घरी करायचा म्हणून मी अडून बसले होते. मेव्हिसने नवऱ्याला सणाच्या तोंडावर होममध्ये टाकलं, असं गल्लीने म्हणायला नको होतं मला. ग्लेनिसने कोणाची पर्वा केली नाही. तिने टाकला. आणि तीच फायद्यात.

म्हणजे त्या दिवशी हीटरकडे बघत मी जे बोलले ते कंपनीसाठी बोलले. अंगाची लाही लाही होते आहे.

सोमवार, ५ मे

एकच ग्रेव्ही, एकच खुर्च्या, पट्टी बदलणारी नर्सही तीच. पण ग्लेनिस आमच्याहून अडीचशे कमी देते. आज चमच्याने क्लिफला भरवताना माझं लक्ष सारखं नॉर्मनच्या ताटाकडे. त्याच्या ताटात मटार जास्त आहेत असंसुद्धा वाटलं. मोजायला लागले असते, पण मुलगी बघत होती.

ग्लेनिस म्हणाली, "अन्याय आहे हा, तू लढ. मी येते तुझ्याबरोबर." मी म्हटलं, नको. तिच्याबरोबर कशी जाऊ? माझा सगळा मुद्दाच ती आहे.

गुरुवार, ८ मे

युद्ध संपल्याला ऐंशी वर्षं झाली म्हणून होममध्ये पार्टी. झेंड्यांच्या माळा, जुनी गाणी, सँडविच. कंपनीचे विभागीय साहेब आले होते. तरणाबांड, टोकदार बूट. सगळ्यांशी वाकून बोलत होते.

ग्लेनिस नॉर्मनला घेऊन नाचायला उठली तेव्हा मी साहेबांना गाठलं. सगळं सांगितलं. ते तेच तेच बोलायला लागले, करार, धोरण. मग मी म्हटलं, "धोरण आहे तर ते सगळ्यांना का नाही? इथे असेही आहेत ज्यांचे वजा होतात. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा?"

"असं कोण आहे?" त्यांनी खिशातून फोन काढला.

सांगितलं मी. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, खोलीही दाखवली. मला वाटलं ते म्हणतील, मग तुमचेही वजा करू.

ते म्हणाले, "लक्षात आणून दिलंत, फार बरं झालं. सर्वांना समान वागणूक मिळालीच पाहिजे."

समोर ग्लेनिस नॉर्मनच्या खांद्यावर डोकं ठेवून नाचत होती. त्याच्या पायाला पट्टी, तरी पाय बरोबर पडत होते.

बुधवार, २८ मे

समान वागणूक झाली.

जुने करार रद्द. जुलैपासून सगळ्यांना एकच करार, माझ्यासारखा. कोणाचेच वजा होणार नाहीत. ग्लेनिसला परवाच कळवलं, मला तिने आज सांगितलं, होमच्या आवारात गाडी बंद करून. हात मांडीवर, चावी अजून तशीच.

"कोणीतरी बोललंय, मेव्हिस. इतके दिवस कोणाला आठवण नव्हती. कोणीतरी बोट दाखवलंय."

"कोण असेल?" मी म्हटलं.

"ती हॅरप असणार, बँकेतली. तिच्या आईचे वजा होत नव्हते ना. नाक बघितलंस तिचं?"

मी म्हटलं, "असेल."

असेल, म्हटलं मी.

आणि आणखी एक लिहायचं आहे, इथे लिहिलं नाही तर कुठे लिहू. आज संध्याकाळी मला कित्येक आठवड्यांनी छान भूक लागली. सॉसेज आणि बटाटे करून खाल्ले, वर पुन्हा पाव घेतला. मला मिळालं नाही, पण तिचंही गेलं. बरं वाटलं मला.

सोमवार, ९ जून

बरं वाटणं टिकलं नाही. आठवडाभरसुद्धा नाही.

ग्लेनिस हिशोब करत बसते. गाडी चालवताना ओठ हलतात तिचे. मला वाटायचं नॉर्मनचं गॅरेज होतं तेव्हाचं बरंच काही असेल. काही नाही. गॅरेज विकलं तेव्हा कर्जच फिटलं म्हणाली. त्यांची पुंजी मर्यादेला टेकत आली आहे, आमच्याही आधी. "त्या अडीचशेच्या जिवावर दोन वर्षं काढीन असं धरलं होतं गं."

मी तिच्या कोटाकडे बघत होते. तिच्या लक्षात आलं. "हा? धर्मादाय दुकानातला. आतलं अस्तर फाटलंय, दाखवू?" आणि गाडी चालवताचालवता दाखवलंही.

सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलं. तेवढ्यात होम आलं.

सोमवार, २३ जून

नॉर्मनला हलवणार. ऍक्रिंग्टनला, तिच्या मुलाच्या घराजवळ एक होम आहे, कौन्सिलच्या दरात बसतं. "पैसे संपल्यावर कौन्सिल टाकेल तिथे जाण्यापेक्षा आपणच बघून ठेवलेलं बरं," म्हणाली. तीही मुलाच्या मागच्या खोलीत राहायला जाणार, भाड्याचं घर सोडून.

आणि मला काय वाटावं? तिला मुलगा आहे, असं वाटलं. मागची खोली देणारा मुलगा. हेवा करायची इतकी सवय लागली आहे मला की तिच्या बुडण्यातही मला काहीतरी सापडतं.

मिसेस थ्रेलफॉलना विचारलं, साहेबांना सांगून जुनी माणसं तरी जुन्या करारावर ठेवता येणार नाहीत का. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माहीत आहे त्यांना. "मी सांगून बघितलं, मिसेस रॉथवेल," एवढंच म्हणाल्या. मग टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या.

सोमवार, ३० जून

गेले.

मुलगा व्हॅन घेऊन आला होता. नॉर्मनला वाटलं फिरायला नेताहेत. टोपी घालून तयार. जाताना जेवणघरात आला, क्लिफच्या खुर्चीपाशी उभा राहिला आणि हात पुढे केला. क्लिफने डावा हात दिला. हलवत राहिले दोघे, कोणी आधी सोडायचा ते कळेना. मुलाने शेवटी खांद्याला धरून नेलं.

ग्लेनिसने मला दारात घट्ट मिठी मारली. तिचे केस तोंडात जात होते. "तू होतीस म्हणून निभावलं गं. गाडीत रोज तुझ्याशी बोलायला मिळायचं, तेवढंच." मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले. सांगितलं नाही. आता सांगून माझंच ओझं हलकं व्हायचं, तिच्या पदरात काय पडणार होतं?

परत ट्रामने आले. समुद्राच्या बाजूला बसले पण बाहेर बघितलं नाही.

बुधवार, २ जुलै

क्लिफने काल दुपारी खाल्लं नाही, आजही नाही. मुली म्हणतात उकाड्याने होतं असं. मटण-बटाट्याचं हॉटपॉट होतं, त्याचं आवडतं. मी भरवायला गेले तर तोंड मिटून घेतो, रागाने नाही, अगदी सभ्यपणे. मान हलवून नको म्हणतो. टाचेची जखम भरायची तर पोटात काही जायला हवं, नर्स म्हणाली.

शुक्रवार, ४ जुलै

आज बोलला. मासा आणि चिप्स समोर येऊन गार होत होते. मी काटा हातात दिला, त्याने तो ताटाशेजारी सरळ ठेवून दिला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "नॉर्मन यायचाय अजून."

म्हटलं, "त्याला उशीर होईल, क्लिफ. तू सुरू कर."

"असं कसं?" म्हणाला. "सगळे बसल्याशिवाय सुरू करायचं नसतं. थांबतो मी."